नदीचा हिशेब ठेवणारा इंजिनीअर



दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो. पांढरा फेटा घातलेल्या एका करारी चेहऱ्याच्या फोटोला हार घालतो, दोन भाषणं ऐकतो आणि प्रॅक्टिकलला पळतो. तो फोटो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा, हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्यांनी कृष्णराजसागर धरण बांधलं, ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, हेही जनरल नॉलेजच्या पुस्तकात असतं. पण त्यांच्या आयुष्यातली एक बाजू आपल्यासारख्या जालन्याच्या मुलामुलींनी मुद्दाम पाहावी अशी आहे. जुन्या नोंदींवरून नदीला किती पाणी येईल हे काढायचं आणि त्यावरून पाण्याचं वाटप ठरवायचं, याला आज ‘डेटा ड्रिव्हन मॉडेलिंग’ म्हणतात. आपले सीनिअर्स त्यावर प्रोजेक्ट करतात. विश्वेश्वरय्यांनी याच प्रकारचं काम कॉम्प्युटर जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, कागद-पेन्सिलीवर केलं. त्यातलं एक मोठं काम तर आपलं जालना ज्या राज्यात होतं, त्या निजामाच्या राज्यातलं आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म बंगळूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. जन्मवर्ष काही ठिकाणी १८६० तर काही ठिकाणी १८६१ दिलेलं असतं. वडील संस्कृतचे पंडित, पण घरची परिस्थिती बेताचीच. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत घेत त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधून बी.ए. केलं आणि म्हैसूर संस्थानची स्कॉलरशिप घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच पुढे सीओईपी झालं. १८८३ मध्ये ते इंजिनीअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या पब्लिक वर्क्स खात्यात असिस्टंट इंजिनीअर म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांचं वय तेवीस-चोवीस. म्हणजे आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठे!

सुरुवात झाली नाशिकहून. मग खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात एक पाइप सायफन बांधण्याचं काम त्यांच्याकडे आलं. सायफन म्हणजे कालव्याचं पाणी नदी-नाल्याच्या तळाखालून पाइपने पलीकडे नेण्याची सोय. पावसाळा सुरू झाला, पात्रातली वाळू खणलेल्या जागेत येऊन भरू लागली. त्यांनी पावसाळा संपेपर्यंत काम थांबवण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांना वाटलं, नवा पोरगा काम टाळतोय. मग त्यांनी हट्टाने ते काम त्याच पावसाळ्यात पुरं केलं. या कामातून त्यांना एक गोष्ट नक्की कळली असणार. नदी ड्रॉइंगप्रमाणे वागत नाही. तिचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो.

पुढची काही वर्षं सक्कर, सुरत अशा ठिकाणी पाणीपुरवठ्याची कामं करून १८९९ मध्ये ते पुण्याला आले. तिथे त्यांच्याकडे दोन प्रश्न होते. एक धरणाचा आणि दुसरा कालव्याचा.

धरण खडकवासल्याचं. त्याच्या सांडव्यावर दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी मातीचा तात्पुरता बांध घालून थोडं जास्त पाणी अडवलं जायचं आणि मोठा पूर आला की तो बांध वाहून जायचा. भिंत उंच करणं हा एक उपाय होता, पण त्यात खर्चही होता आणि धोकाही. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर बसवायच्या स्वयंचलित दारांचं डिझाईन केलं. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दारं आपोआप उघडायची आणि पूर ओसरला की आपोआप बंद व्हायची. ना वीज, ना रात्रभर जागणारा माणूस. १९०३ च्या सुमारास ही दारं बसली आणि भिंत न वाढवता सुमारे ८ फूट जादा पाणी साठू लागलं. या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. पण नोकरीत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही.

दुसरा प्रश्न नीरा कालव्याचा. वरच्या भागातले शेतकरी उसाला भरमसाट पाणी द्यायचे. त्यांच्या जमिनी पाणथळ व्हायच्या, डास वाढायचे आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणीच पोचायचं नाही. विश्वेश्वरय्यांनी आणलेल्या ‘ब्लॉक सिस्टिम’मध्ये प्रत्येक गावाच्या शेतीचे ठरावीक ब्लॉक पाडायचे, त्यातल्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं, आणि हा क्रम फिरता ठेवायचा, अशी योजना होती. सुरुवातीला विरोध झाला. पण विचार अगदी सरळ होता. धरणात किती पाणी येणार याचा अंदाज कितीही अचूक केला, तरी ते कोणाला किती द्यायचं हे मोजून ठरवलं नाही तर त्या अंदाजाचा उपयोग शून्य. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सप्लायइतकाच डिमांडचाही डेटा महत्त्वाचा मानला.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्याची नोकरी सोडली आणि ते परदेश प्रवासाला निघाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. शहराचा मोठा भाग वाहून गेला. सुमारे पंधरा हजार माणसं गेली असं सांगितलं जातं. तेव्हा जालना हा निजामाच्या राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता, म्हणजे ही आपल्याच राजधानीची गोष्ट म्हणायची. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणं पाठवलं. प्रवासात असलेले विश्वेश्वरय्या १९०९ च्या एप्रिलमध्ये हैदराबादेत दाखल झाले.

आता इथे नीट लक्ष द्या.  विश्वेश्वरय्यांनी आधी मागितले आकडे. मुसीच्या खोऱ्यात कुठे कुठे पर्जन्यमापक आहेत, त्या दोन दिवसांत कुठे किती इंच पाऊस पडला, पाण्याच्या खुणा कोणत्या भिंतीवर कुठवर आहेत, शहराच्या वर किती चौरस मैलांचं पाणी नदीत येतं, हे सगळं गोळा झालं. शेजारच्या इलाख्यांतल्या मोठ्या पावसांच्या नोंदीही त्यांनी तपासायला घेतल्या. कारण एकाच ठिकाणचा थोड्या वर्षांचा रेकॉर्ड पाहिला तर असा पाऊस पुन्हा येणारच नाही असं वाटतं. आजूबाजूचा मोठा प्रदेश पाहिला की कळतं, आज ना उद्या तो येणारच.

या तपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. शहराच्या वरच्या खोऱ्यात लहान-मोठे ७८८ तलाव होते आणि त्यातले २२१ या पावसात फुटले होते. म्हणजे आभाळातून पडलेल्या पाण्यात फुटलेल्या तलावांचं पाणी मिसळलं होतं. नुसत्या पावसाच्या आकड्यावरून हा पूर समजलाच नसता.

त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसी या दोन्ही नद्यांवर मोठे जलाशय. पुराच्या वेळी ते मोकळी जागा ठेवून पाणी अडवतील आणि मग नदीला झेपेल तेवढंच खाली सोडतील. शिवाय शहराला पिण्याचं पाणीही मिळेल. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला.

हैदराबादचं काम आटपून १९०९ मध्येच ते म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनीअर झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचं काम १९११ मध्ये सुरू झालं. तिथेही स्वयंचलित दारं बसवली गेली. पण कावेरीवर वरती म्हैसूर आणि खाली मद्रास इलाखा, त्यामुळे वाद अटळ होता. धरण किती उंच, किती पाणी अडवायचं, खाली किती सोडायचं, यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार झाला आणि १९२४ मध्ये करार झाला. नदीच्या पाण्याचे आकडे हा फक्त इंजिनीअरिंगचा विषय राहत नाही, त्यावर दोन राज्यांचं भांडण किंवा समेट ठरतो, हे आपल्या देशाला इथे ठळकपणे दिसलं.

साधारण त्याच काळात पूर्वेला आणखी एक माणूस नद्यांच्या जुन्या वह्या चाळत होता. ते म्हणजे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस. ओरिसात १९२६ मध्ये ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. इंजिनीअरांच्या समितीचं मत पडलं की नदीचा तळ वर आला आहे, म्हणून काठचे बांध उंच करा. महालनोबिसांनी सुमारे ६० वर्षांच्या पावसाच्या आणि नदीच्या पातळीच्या नोंदी तपासल्या आणि दाखवलं की तळ वर आलेलाच नाही. पुराचं कारण वरच्या खोऱ्यातला जास्तीचा पाऊस हे होतं. म्हणजे उपाय बांधाचा नाही, वर पाणी अडवण्याचा. पुढे विश्वेश्वरय्यांनीही ओरिसाच्या पुरांचा अभ्यास करून रिपोर्ट दिले आणि त्यांचा कलही नद्यांवर जलाशय बांधण्याकडेच होता. एक इंजिनीअर, एक स्टॅटिस्टिक्सवाला, आणि दोघांची सवय एकच. मत देण्याआधी नोंदी पाहायच्या.

विश्वेश्वरय्या दीर्घायुषी होते. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले, तेव्हा वयाची शंभरी उलटली होती. पण त्याच्या नऊ महिने आधी, १२ जुलै १९६१ ला, नवं कोरं पानशेत धरण फुटलं. तो लोंढा खाली येऊन खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि पुणं बुडालं. ज्या धरणावर त्यांनी साठ वर्षांपूर्वी दारं बसवली होती तेच हे धरण. दारं कितीही हुशार असली तरी वरचं धरण फुटून येणारं पाणी त्यांच्या हिशेबात नव्हतं. आणि असणार तरी कसं? दारं बसली तेव्हा पानशेत धरणच नव्हतं. मुसीच्या खोऱ्यात फुटलेल्या २२१ तलावांनी जे सांगितलं होतं, तेच पानशेतने जास्त भीषण प्रकारे सांगितलं. जुना डेटा जुन्या नदीचा असतो. आपण वर काही नवीन बांधलं की नदी बदलते आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.

बरं, हे सगळं जालन्यात बसून वाचायचं ते कशासाठी? तर ऐका.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरी आहे. आत पूर्णा, दुधना आणि जालना शहरातून जाणारी कुंडलिका. पावसाळा सोडला तर यातल्या बऱ्याच नद्यांत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. थर्ड इयरला हायड्रॉलॉजीत आपण इंग्लिस आणि डिसूझा यांची १९२९ ची सूत्रं पाठ करतो. पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या प्रत्यक्ष मोजणीवरून त्यांनी ती बसवली, म्हणजे खरं तर तेही डेटा ड्रिव्हन मॉडेलच! पठारी भागाचं सूत्र असं : पाऊस सेंटीमीटरमध्ये घ्या, त्यातून १७.८ वजा करा, उत्तराला पुन्हा पावसाने गुणा आणि २५४ ने भागा. आलेला आकडा म्हणजे वाहून नदीत येणारं पाणी.

आता जालन्यासाठी ७० सेंटीमीटर पाऊस धरू. उत्तर येतं सुमारे १४.४ सेंटीमीटर, म्हणजे पडलेल्या पावसाचा पाचवा हिस्सा. आणि पाऊस निम्मा, ३५ सेंटीमीटरच झाला तर? उत्तर २.४ सेंटीमीटर. पाऊस निम्मा झाला आणि नदीचं पाणी मात्र सहाव्या हिश्श्यावर आलं! पहिला पाऊस तहानलेली जमीन पिऊन टाकते, उरलं तर नदीला. दुष्काळात निम्मा पाऊस झाला असं पेपरात वाचून धरण निम्मं तरी भरेल असं वाटतं, ते का भरत नाही हे या एका गणितात कळतं. उलट घाटमाथ्याचं सूत्र लावलं तर ३०० सेंटीमीटर पावसातून सुमारे २२४ सेंटीमीटर वाहून येतं, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश.

म्हणूनच जायकवाडी आपल्याकडच्या पावसावर भरत नाही, नाशिक-इगतपुरीकडच्या पावसावर भरतं. १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी आहे. डावा कालवा आपल्या अंबड, घनसावंगी भागातून जातो आणि जालना शहराला पिण्याचं पाणीही तिथूनच पाइपलाइनने येतं. पण वरती नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा अशी धरणं आहेत. डिझाईनच्या वेळी जेवढं पाणी येईल असं धरलं होतं तेवढं दरवर्षी येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. मोसंबी म्हणजे काही ज्वारी नव्हे, की पुढच्या वर्षी पुन्हा पेरली. झाड लावल्यावर फळ धरायलाच चार-पाच वर्षं जातात. त्याच वेळी जालनेकरांनी निजामकाळातल्या घाणेवाडी तलावातला गाळ उपसायचं काम हाती घेतलं. या सगळ्यानंतर २०१४ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं. प्रकरण हायकोर्टात गेलं, २०१६ मध्ये निकाल लागला. आणि दुसऱ्या टोकाचं उदाहरण हवं असेल तर ऑगस्ट २००६ आठवा. त्या वेळी जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने पैठणमध्ये हाहाकार उडाला होता. एकाच धरणाला एखाद्या वर्षी पाणी पुरत नाही आणि एखाद्या वर्षी मावत नाही! अशा वेळी पुढच्या दोन-चार दिवसांत किती पाणी येणार याचा चांगला अंदाज असला तर दारं थोडी आधी उघडता येतात. महिना-दोन महिन्यांचा अंदाज असला तर कालव्याचं आवर्तन कधी सोडायचं आणि शेतकऱ्याने कोणतं पीक घ्यायचं हे ठरवता येतं.

आज हा अंदाज काढायला आपल्याकडे न्यूरल नेटवर्क आहेत. मागच्या काही दिवसांचा पाऊस, वरच्या धरणांतला विसर्ग, नदीची पातळी हे सगळं मॉडेलला द्यायचं आणि जुन्या वर्षांवरून ते शिकतं. राज्यात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रंही बसली आहेत. विश्वेश्वरय्यांना हैदराबादेत यातलं काहीच मिळालं नव्हतं. पण लॅपटॉपवर कोड रन करून स्क्रीनवर सुंदर ग्राफ आला की आपल्याला वाटतं झालं काम. खरे प्रश्न तर नंतर सुरू होतात. ज्या वर्षांवर मॉडेल शिकलं त्यात दुष्काळाची किती वर्षं होती? मोठ्या पुरात पातळी मोजणारी पट्टीच वाहून गेली असेल तर त्या दिवशीचा आकडा कुठून आला? मधल्या काळात वर नवं धरण, नवे बंधारे झाले का? नव्वद दिवस बरोबर आणि पुराच्या एका दिवशी चूक, अशा मॉडेलचे मार्क छान येतात, पण त्या एका दिवशीच माणसं बुडतात.

विश्वेश्वरय्यांच्या आयुष्यातून मला तरी तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. मत देण्याआधी नोंदी गोळा करा, आणि फक्त आपल्या गावच्या नव्हे तर आजूबाजूच्याही. पाणी किती येणार याच्या जोडीला ते कोणाला किती मिळणार हेही मोजा. आणि नदी बदलली की हिशेब पुन्हा मांडायला लाजू नका.

हे करायला नोकरी लागेपर्यंत थांबायची गरज नाही. कॉलेजच्या गच्चीवर साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद करता येते. कुंडलिकेच्या एखाद्या पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवून पावसाळाभर पातळी लिहून ठेवता येते. घाणेवाडीची पातळी दर आठवड्याला टिपता येते. एका बॅचने चार वर्षं लिहिलं आणि वही पुढच्या बॅचला दिली, तर वीस वर्षांनी याच कॉलेजातल्या कोणाला तरी जालन्याच्या नदीचं खरंखुरं मॉडेल बांधता येईल. तेव्हा त्या मॉडेलच्या आकड्यावर अंबडकडचा एखादा शेतकरी ठरवेल, यंदा मोसंबी लावायची की नाही. त्याच्यासाठी तो आकडा खरा असला पाहिजे. मग वहीचं पहिलं पान कोण लिहितंय, सांगा!